आईचा गुडघा बदलायचाय. कॉम्प्युटर नेव्हिगेशन घ्यावं का?

केतकी

नमस्कार. आईच्या (वय ६८) उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, संपूर्ण गुडघा बदलायचा आहे. पाय चांगलाच फेंगडा झालाय. उभं करून काढलेल्या एक्स-रेवर डॉक्टरांनी रेघ मारून दाखवली, १४ अंशांचा बाक आहे म्हणाले.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिले सर्जन म्हणाले, माझा हात नेहमीच्या पद्धतीवर बसलेला आहे, तसंच करू. दुसरे म्हणाले, मी कॉम्प्युटर नेव्हिगेशन वापरून करतो. दोघेही अनुभवी, दोघांनीही वेळ देऊन समजावलं, कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. पण घरी एकमत होत नाहीये. भाऊ म्हणतो, मशीन आहे तर मशीनच घ्या, चूक व्हायला नको. आई म्हणते, मला माणसाच्या हातून करून घ्यायचंय.

मला पडलेले प्रश्न: कॉम्प्युटर स्वतः कापतो का? हाडात जादा पिना मारतात असं ऐकलं, त्याने काही बिघडतं का? रोबोट म्हणतात तो हाच का? आणि मुळात इम्प्लांट दोन-तीन अंश इकडेतिकडे बसलं तर एवढा काय फरक पडतो?

आणखी एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही. आई विशीत असताना याच पायाचं मांडीचं हाड मोडलं होतं. तेव्हा वजन लावून झोपवून ठेवलं होतं, तसंच जुळलं. मांडीच्या मधोमध अजून उंचवटा लागतो हाताला.

---

ओटीताई

केतकी, तुमचा शेवटचा परिच्छेद दोन्ही डॉक्टरांना सांगितलाय का? नसेल तर उद्याच सांगा. त्यावर येतेच.

मी ऑर्थोच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रब सिस्टर आहे, सर्जनच्या हाताशी हत्यारं देणारी. ऑपरेशन कसं करायचं हा निर्णय तुमच्या सर्जनचा, त्यात मी पडणार नाही. पण टेबलावर नक्की काय चालतं ते मी समोर उभी राहून बघते, आणि घरच्यांना ते सहसा कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

आईंना आधी सांगा की करवत माणसाच्याच हातात असते. नेव्हिगेशनमध्ये कॉम्प्युटर काहीही कापत नाही. तो मोजतो आणि आकडा दाखवतो.

आता मोजायचं काय? गुडघा बदलताना मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, साधारण ८ ते १० मिलिमीटर कापून त्यावर धातूचे भाग बसवतात, मध्ये प्लॅस्टिकचा इन्सर्ट. हे काप कुठल्या कोनात घ्यायचे यावर पाय किती सरळ होणार ते ठरतं. खुब्याच्या गोळ्याच्या केंद्रापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली तर ती गुडघ्याच्या मधून जावी, असा सर्वसाधारण हिशोब. फेंगड्या पायात ती रेघ गुडघ्याच्या आतल्या बाजूने जाते, सगळं वजन आतल्या कप्प्यावर येतं आणि तिथली गादी झिजत जाते.

पण ओटीत पाय निर्जंतुक चादरींत असतो. खुब्याचा गोळा खोल मांसात, दिसतही नाही आणि हाताला लागतही नाही. मग त्याची दिशा ओळखायची कशी? नेहमीच्या पद्धतीत गुडघ्याकडून मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक लांब सळई सरकवतात. हाडाची पोकळी आणि खुब्याकडे जाणारी रेघ यांच्यात बहुतेकांमध्ये ५ ते ७ अंशांचं अंतर असतं, ते जिगवर, म्हणजे करवतीला दिशा देणाऱ्या साच्यावर, लावतात आणि त्यावरून काप घेतात. हाड सरळ असेल आणि सर्जनचा हात बसलेला असेल तर हे छान जमतं. जगभरात बहुतेक गुडघे वर्षानुवर्षं असेच बदलले गेलेत.

तुमच्या आईंच्या बाबतीत हाड मध्येच वाकडं जुळलेलं असण्याची शक्यता आहे. तिथे सळई एक तर अडते, नाहीतर वाकलेल्या भागाच्या कलाने जाते आणि पुढचा सगळा हिशोब तिच्यावरच उभा असतो. म्हणून म्हटलं, उद्याच सांगा.

नेव्हिगेशनमध्ये सळई घालावी लागत नाही. मांडीच्या हाडात आणि नडगीत बारीक पिना बसवतात, त्यांवर ट्रॅकर लावतात. ट्रॅकरवर प्रकाश परतवणारे छोटे गोळे असतात. टेबलापासून थोड्या अंतरावर उभा केलेला इन्फ्रारेड कॅमेरा ते गोळे सतत बघत असतो. मग सर्जन पाय हातात धरून मांडी खुब्यातून गोल फिरवतात. हा भाग मला अजूनही बघावासा वाटतो. ट्रॅकर ज्या वाटेने फिरतो त्यावरून कॉम्प्युटर खुब्याचं केंद्र काढतो, कारण मांडी फिरताना तिच्यावरच्या कुठल्याही बिंदूचं त्या केंद्रापासूनचं अंतर बदलत नाही. हाड मध्ये कितीही वाकडं असो, केंद्र बरोबर सापडतं. फक्त कंबर हलता कामा नये, नाहीतर केंद्रही सरकतं. म्हणून एक जण कंबर धरून उभा राहतो. त्यानंतर टोकदार पॉइंटर घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडाला लावतात, गुडघ्याच्या पृष्ठभागावरून फिरवतात, आणि स्क्रीनवर आईंचाच पाय उभा राहतो.

स्क्रीनवर तेव्हा काय दिसतं? समजा, बाक १३ अंश, आणि गुडघा पूर्ण सरळ होत नाही, ८ अंश वाकलेलाच राहतो. मग सर्जन हाताने गुडघा बाहेरून आत दाबतात आणि आकडा उतरायला लागतो: १३, ९, ६, ४. तिथे थांबला तर कळतं की हा बाक बराचसा झिजेमुळे आहे, आतल्या बाजूची लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधणारे बंध) फार आखडलेली नाहीत. १३ वरून ११ लाच अडला तर आतली बाजू सोडवत जावी लागणार. एकही काप घेण्याआधी ही माहिती हातात असते. आमच्याकडचे सर्जन म्हणतात, मला नेव्हिगेशनमधलं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर हेच. मला मात्र त्यानंतरची पायरी जास्त मोलाची वाटते.

काप घेऊन झाला की त्या सपाट हाडावर एक चपटी पट्टी ठेवतात, तिच्यावरही ट्रॅकर असतो. ब्लॉक, म्हणजे करवतीला वाट देणारा साचा, शून्यावर लावलेला होता, प्रत्यक्ष काप कितीचा झाला? अनेकदा शून्य येतो, कधी दीड अंश. कारण वर्षानुवर्षं वजन पडून नडगीची आतली बाजू दगडासारखी कडक होते, चकाकते. करवतीचं पातं पातळ असतं. मऊ हाडातून सरळ जातं आणि कडक भागावर आलं की किंचित वर उचललं जातं. डोळ्याला काही दिसत नाही. पट्टी ठेवली की दिसतं, मग तेवढा भाग पुन्हा घासून घेतात. नेहमीच्या पद्धतीतही काप तपासतात, पण तो एका दांडीच्या आधाराने, नजरेने.

गवंड्याच्या ओळंब्यासारखं आहे हे. भिंत किती कलली ते ओळंबा सांगतो, वीट गवंड्यालाच लावायची असते.

आता त्रासाची बाजू, कारण भावाला वाटतं तसं "मशीन म्हणजे चूक नाहीच" असं काही नसतं. कॅमेऱ्याला गोळे दिसले पाहिजेत. असिस्टंटचं डोकं मध्ये आलं की स्क्रीन थांबते. गोळ्यावर रक्ताचा थेंब उडाला तरी वाचन बिघडतं, म्हणून ओला स्वॅब माझ्या हाताशी तयारच असतो. याहून गंभीर म्हणजे ट्रॅकरला धक्का लागणं. पिन जरा हलली की हाड एकीकडे आणि कॉम्प्युटरची समजूत दुसरीकडे, आकडे मात्र पहिल्यासारखेच ठामपणे येत राहतात. यासाठी सुरुवातीला हाडावर एक खूण ठरवतात आणि मधूनमधून पॉइंटर तिथे टेकवून बघतात. नीट काम करणारी टीम हे कंटाळा न करता करते. शिवाय बिंदू दाखवणारा माणूसच असतो. मांडीच्या हाडाच्या दोन बाजूंचे उंचवटे, ज्यांवरून इम्प्लांटचा पीळ (ते आत-बाहेर किती वळवून बसवायचं) ठरवतात, ते पॉइंटरने दाखवताना चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झालं की पिळाचा आकडा बदलतो. म्हणून पिळासाठी कुणीही जाणता सर्जन फक्त स्क्रीनवर विसंबत नाही.

वेळ थोडा जास्त लागतो, हात बसल्यावर साधारण १० ते २० मिनिटं.

---

अस्थिमित्र

ओटीताईंनी इतकं नेमकं लिहिलंय की माझं काम सोपं झालं. मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, दोन्ही पद्धतींनी करतो. केतकी यांचा चौथा प्रश्न, दोन-तीन अंशांनी काय फरक पडतो, यावर लिहितो, कारण त्याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

१९९१ मध्ये जेफरी आणि सहकाऱ्यांनी जुन्या प्रकारच्या इम्प्लांटचा अभ्यास छापला. ज्यांची रेघ गुडघ्याच्या मधल्या भागातून गेली त्यांच्यात इम्प्लांट ढिलं होण्याचं प्रमाण ३ टक्के, ज्यांची त्याबाहेर गेली त्यांच्यात २४ टक्के. तेव्हापासून "सरळ रेघेच्या दोन्ही बाजूंना ३ अंशांच्या आत" हा आमचा दंडक झाला. नेव्हिगेशन आलं ते हा दंडक पाळता यावा म्हणून. जानेवारी १९९७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे सारागालिया यांनी सीटी किंवा एक्स-रेच्या प्रतिमांशिवाय चालणाऱ्या नेव्हिगेशनने पहिला गुडघा बसवला. या बाबतीत तंत्राने शब्द पाळला. २००७ मध्ये मेसन आणि सहकाऱ्यांनी २९ अभ्यास एकत्र मांडले: ३ अंशांबाहेर गेलेले गुडघे नेहमीच्या पद्धतीत ३१.८ टक्के, नेव्हिगेशनमध्ये ९ टक्के.

मग प्रश्न येतो की रुग्णाला ते जाणवतं का. इथे मी रुग्णांना कधीही फुगवून सांगत नाही. २०१२ मध्ये किम यांचा अभ्यास आला. ५२० रुग्णांचे दोन्ही गुडघे बदलले, एक नेव्हिगेशनने आणि एक नेहमीच्या पद्धतीने. म्हणजे तुलना त्याच माणसाच्या दोन पायांत. दहा वर्षांहून जास्त काळ पाहिल्यावर दुखणं, हालचाल, इम्प्लांट टिकणं यांत फरक सापडला नाही. मेयो क्लिनिकमधून २०१० मध्ये पारात यांनी १५ वर्षं पाहिलेले ३९८ गुडघे मांडले, त्यात ३ अंशांच्या आतले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले असं दिसलं नाही. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाच्या सांधे बदलण्याच्या राष्ट्रीय नोंदवहीतून २०१५ मध्ये निघालेल्या आकड्यांत ६५ वर्षांखालच्या रुग्णांत ९ वर्षांपर्यंत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण नेव्हिगेशनमध्ये ६.३ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत ७.८ टक्के होतं. तरुण माणूस गुडघा जास्त वापरतो, जास्त वर्षं वापरतो, तिथे नीट बसलेल्या इम्प्लांटचा फायदा दिसतो हे मला पटतं.

एक गोष्ट आम्हा सर्जन लोकांनाही उशिरा कळली. सगळ्यांचे पाय मुळात सरळ नसतात. बेलमन्स यांनी २०१२ मध्ये गुडघेदुखी नसलेली २५० तरुण मुलं-मुली तपासली, तर ३२ टक्के मुलांचे आणि १७ टक्के मुलींचे पाय निसर्गतःच ३ अंश किंवा जास्त फेंगडे निघाले. अशा माणसाला ऐन म्हातारपणी शून्यावर आणायचं की त्याच्या मूळ ठेवणीच्या जवळ ठेवायचं, यावर आमच्यात आज जोरात चर्चा आहे. नेव्हिगेशन तुम्ही सांगाल त्या अंशाला नेऊन पोचवतं. अंश किती ठेवायचा हे सर्जनने ठरवायचं. म्हणून सर्जनला "मशीन आहे का" विचारण्याआधी "आईचा पाय किती अंशांवर ठेवणार आणि का" हे विचारा. उत्तर देताना ते एक्स-रे हातात घेतील तर चांगली खूण समजा.

रोबोट: कॅमेरा, ट्रॅकर, पिना बहुतेकांत याच. फरक पुढच्या पायरीत. रोबोट करवतीला ठरलेल्या पातळीत धरून ठेवतो किंवा कापायचा ब्लॉक स्वतः योग्य जागी आणून धरतो. काही रोबोटना आधी सीटी स्कॅन लागतो, काहींना नाही. सर्जन तिथेही उभाच असतो.

आता आईंच्या मांडीबद्दल. वर जे अभ्यास सांगितले ते बहुतांशी सरळ हाडांच्या रुग्णांचे आहेत. जुनं वाकडं जुळलेलं फ्रॅक्चर, ते जोडायला घातलेली आणि आतच राहिलेली सळई किंवा प्लेट, अशा पायांत माझं मत अगदी स्पष्ट आहे: नेव्हिगेशन किंवा रोबोट उपलब्ध असेल तर वापरावा. बाक किती आहे आणि कुठे आहे ते मोजायला हवं. बाक गुडघ्याच्या जितका जवळ, तितका त्याचा परिणाम जास्त. मांडीच्या मधला किंवा वरचा बाक बऱ्याचदा गुडघ्यातल्या कापातच सांभाळता येतो. पण फार मोठा असेल, २० अंशांच्या पुढे वगैरे, तर गुडघ्यात सरळ करायला जावं आणि काप लिगामेंट चिकटतात त्या जागेपर्यंत पोचावा असं होतं. तेव्हा आधी हाडच कापून सरळ करायचा विचार करावा लागतो. सहसा वेळ तिथवर येत नाही.

---

चालताबोलता

केतकीताई, मी रुग्ण म्हणून लिहितोय. माझ्या मांडीत जुन्या अपघाताची सळई आहे, खुब्यापासून जवळजवळ गुडघ्यापर्यंत. गुडघा बदलायची वेळ आली तेव्हा आधी मला सांगण्यात आलं की एक ऑपरेशन सळई काढायला, मग जखम भरल्यावर दुसरं गुडघ्याला. नेव्हिगेशनवाल्या डॉक्टरांनी सळई होती तिथेच ठेवली आणि एकाच वेळी काम झालं. पिना मात्र सळईला चुकवून बसवाव्या लागल्या, असं त्यांनी नंतर सांगितलं.

पिनांच्या जागी लहान लहान व्रण आहेत. सुरुवातीला मांडीतल्या जागेवर हात ठेवला की ठणकायचं, पुढे गेलं. खरं सांगू का, पहिले काही आठवडे पिना आणि अंश कुणाच्या लक्षात राहत नाहीत. गुडघा वाकवायचा व्यायाम लक्षात राहतो. फिजिओ मॅडम टाचेखाली उशीची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ दाबायला लावायच्या, मला वाकवण्यापेक्षा तेच जड जायचं. आईंना आत्तापासून मांडीचे स्नायू आवळायचा व्यायाम सुरू करायला सांगा, पुढे फार उपयोग होतो.

---

केतकी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही डॉक्टरांना जाऊन सांगितलं. पहिल्या डॉक्टरांनी ऐकल्या ऐकल्या पूर्ण मांडीचा समोरून आणि बाजूने एक्स-रे काढायला लावला. हाड मध्यावर ९ अंश बाहेर वाकून जुळलंय. ते म्हणाले, नेहमीची लांब सळई इथे चालणार नाही. खुब्याचं केंद्र ओटीतल्या एक्स-रे मशीनवर बघून खूण करून मीही करू शकतो, पण नेव्हिगेशन असेल तिथे करून घेतलंत तर माझी काहीच हरकत नाही. त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. दुसऱ्या डॉक्टरांना अस्थिमित्र यांनी सांगितलेला प्रश्न विचारला. त्यांनी एक्स-रे लाइटवर लावला, आईचा डावा पायही मोजला आणि म्हणाले, अगदी शून्यावर न नेता एक-दोन अंश फेंगडेपणा राहू देईन, कारण मूळची ठेवण तशी दिसतेय.

तिथेच करायचं ठरवलंय. आईला ओटीताईंचं "करवत माणसाच्याच हातात" मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा तयार झाली. आता तिची एकच शंका: हाडं ठिसूळ आहेत असं रिपोर्टमध्ये आलंय, मग पिनांच्या भोकांतून हाड मोडणार तर नाही ना?

---

ओटीताई

आईंची शंका रास्त आहे. पिनांच्या जागी हाड मोडल्याची उदाहरणं आहेत, क्वचितची पण आहेत, आणि ठिसूळ हाडात काळजी जास्त घ्यावी लागते. सर्जन पिन बारीक निवडतात, हाडाच्या मधून घालतात, कडेला घासून जाऊ देत नाहीत, आणि एकदा चुकली म्हणून शेजारीच दुसरं भोक पाडायचं टाळतात. मांडीतली पिन जुन्या फ्रॅक्चरच्या जागेपासून लांब हवी, ते हाड आधीच वेगळ्या ताणात असतं. हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असणारच, तरी ठिसूळपणाचा रिपोर्ट त्यांच्या हातात द्या, फाइलमध्ये मागे लावून ठेवू नका. घरी आल्यावर काही आठवड्यांनी मांडीत किंवा नडगीत, गुडघ्यापासून दूर, पिनेच्या जागी नव्याने दुखायला लागलं, वजन टाकताना कळ आली, तर "ऑपरेशन झालंय, दुखणारच" म्हणून घरी बसू नका. लगेच एक्स-रे काढून घ्या. पिनेच्या जखमेतून पाणी येत राहिलं, आजूबाजूला लाली आली, तरीही तसंच.

ऑपरेशनआधी पूर्ण पायाचा उभा एक्स-रे पुन्हा काढणार असतील तर एकाकडे लक्ष ठेवा. आईंच्या गुडघ्याची वाटी सरळ समोर असायला हवी, पाऊल नव्हे. फेंगड्या पायाची माणसं पाऊल बाहेर वळवून उभी राहतात, वाटीही त्याबरोबर फिरते आणि बाकाचा आकडा चुकीचा येतो. टेक्निशियनला आपणहून सांगायला संकोच वाटू देऊ नका. आईंना आधारासाठी काही धरू द्या, पण दोन्ही पायांवर वजन सारखं असू दे.

मांडीच्या फ्रॅक्चरचे जुने कागद सापडले तर तेही घेऊन जा, पिवळे पडलेले असले तरी.

---

केतकी

कागद मामांकडच्या ट्रंकेत असतील, आजच विचारते. ठिसूळपणाचा रिपोर्ट उद्या स्वतः देऊन येते.